पाटी क्रमांक ३१९१: सुमेरचा कायदा, एक पत्र आणि सॅम्युएल क्रेमर

१९५२ सालच्या सुरुवातीला इस्तंबूलच्या प्राचीन पूर्व संग्रहालयात एका टेबलावर मातीची एक पाटी आणून ठेवली गेली. रंग फिकट तपकिरी, लांबी २० सेंटिमीटर, रुंदी १०. भट्टीत भाजलेली नव्हे, नुसती उन्हात वाळवलेली. अर्ध्याहून जास्त मजकूर गेलेला, उरलेला पहिल्या नजरेला अजिबात लागत नव्हता. नोंदवहीत ती निप्पुर संग्रहातली, म्हणजे दक्षिण इराकमधल्या प्राचीन सुमेरच्या निप्पुर शहरातून आलेल्या पाट्यांतली, ३१९१ क्रमांकाची पाटी होती. ती काही नव्या उत्खननात निघाली नव्हती. ज्या निप्पुर मोहिमांतून ती आली त्या १९०० सालीच संपल्या होत्या, म्हणजे मातीतून वर आल्यावरही तिने पन्नासेक वर्षे कपाटात काढली होती.

टेबलापाशी बसलेले सुमेरी भाषेचे अमेरिकी अभ्यासक सॅम्युएल नोआ क्रेमर तेव्हा ५४ वर्षांचे होते. तोवरचा सर्वांत जुना ज्ञात कायदा, सुमेरी राजा उर-नम्मू याच्या नावाचा, त्यांनी या पाटीत वाचला. या वाचनातले काय टिकले, काय बदलले आणि जे बदलले ते का, हे तपासण्यासारखे आहे. कारण मृत भाषेचा अभ्यासक नेमके काय काम करतो ते या एका पाटीत जवळजवळ पूर्ण दिसते.

हिब्रू शाळेतून सुमेरीकडे

क्रेमर यांचा जन्म २८ सप्टेंबर १८९७ चा, झारच्या रशियातल्या कीव्ह प्रांतातल्या झाश्किव गावचा. घर ज्यू. १९०५ च्या सुमारास तिकडे ज्यूंवर हल्ल्यांची लाट आली, तेव्हा कुटुंबाने गाव सोडले आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाला बस्तान बसवले. वडिलांनी तिथे हिब्रू शाळा काढली. तिशी आली तरी मुलाचे काही नीट बसत नव्हते. शेवटी ड्रॉप्सी कॉलेज आणि तिथून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात इफ्राइम स्पायझर यांच्या हाताखाली, अशी उशिराने गाडी रुळावर आली. १९२९ मध्ये डॉक्टरेट मिळाली ती किर्कूकजवळच्या पाट्यांतल्या क्रियापदांवर. त्या पाट्या अक्कडी भाषेतल्या होत्या. सुमेरी अजून लांबच होती.

हा फरक समजून घ्यायला हवा. अक्कडी ही सेमिटिक भाषा, हिब्रूची चुलत बहीण. हिब्रूत सूर्य ‘शेमेश’, अक्कडीत ‘शमशु’. कुत्रा हिब्रूत ‘केलेव’, अक्कडीत ‘कल्बु’. लहानपणापासून हिब्रू वाचणाऱ्याला अक्कडीच्या घरात शिरताना निदान उंबरा ओळखीचा वाटतो. सुमेरीचे तसे नाही. तिला ज्ञात असे एकही भावंड नाही. ती लिहायला तीच कीलाकार लिपी, मातीत बोरूने उठवलेल्या पाचरी. पण भाषा साफ वेगळी. ती मुळात भाषा आहे का, यावरच एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये भांडण जुंपले होते. झ्यूल ओपेर यांनी १८६९ मध्ये तिला ‘सुमेरी’ हे नाव दिले. जोझेफ हालेव्ही यांनी १८७४ पासून हट्टाने मांडले की ही भाषाच नव्हे, पुरोहितांनी शोधलेली गुप्त लेखनपद्धत आहे. दोघेही ज्यू, दोघेही मोठे विद्वान. ओपेर बरोबर ठरले.

मराठी वाचकाला मात्र सुमेरी व्याकरणातली एक गोष्ट अजिबात परकी वाटणार नाही. ‘लुगल-ए ए मु-उन-दू’ म्हणजे ‘राजाने घर बांधले’. ‘लुगल’ला लागलेला ‘ए’ हा आपल्या ‘राजाने’तल्या ‘ने’चे काम करतो, कर्म असलेल्या क्रियापदाचा कर्ता वेगळा दाखवतो. जर्मन आणि इंग्रजी वळणाच्या पंडितांना हा प्रकार पचवायला वेळ लागला. आपण तो रोज बोलतो.

१९३० मध्ये क्रेमर इराकला उत्खननावर गेले आणि सुमेरी शहर शुरुप्पकच्या जागी, आजच्या फारा इथे, त्यांनी काम केले. १९३२ पासून शिकागोच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्ये अक्कडी शब्दकोशाच्या प्रकल्पावर. तिथे दोन गोष्टी घडल्या. सुमेरीचे पहिले भक्कम व्याकरण १९२३ मध्ये लिहिणारे आर्नो पोबेल त्यांना सहकारी आणि गुरू म्हणून लाभले. आणि १९३३ मध्ये एडवर्ड कियेरा वारले. त्यांनी काढून ठेवलेल्या सुमेरी साहित्याच्या नकला छपाईसाठी तयार करण्याचे काम क्रेमर यांच्याकडे आले. अक्कडी मागे पडली ती इथे.

अर्धी इथे, अर्धी समुद्रापार

निप्पुर हे दक्षिण इराकमधले एन्लिल देवाचे शहर. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने तिथे १८८९ ते १९०० या काळात चार मोहिमा केल्या. जमीन उस्मानी साम्राज्याची आणि १८८४ च्या कायद्याने जमिनीतून निघेल ते सरकारचे. त्यामुळे पाट्यांचा मोठा भाग इस्तंबूलला गेला आणि दुसरा मोठा भाग फिलाडेल्फियाला. काही येना शहरात पोहोचल्या. वाटणी झाली तेव्हा बहुतेक पाट्या वाचलेल्याच नव्हत्या. कोणत्या तुकड्याचे भावंड कोणते, हे पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

याचे फळ काय, ते इनन्ना देवीच्या पाताळयात्रेच्या काव्यात दिसले. इस्तंबूलमध्ये एका चार रकान्यांच्या मोठ्या पाटीचा वरचा अर्धा भाग होता. कियेरा यांना फिलाडेल्फियात त्याच पाटीचा खालचा अर्धा भाग मिळाला. एकच पाटी मधोमध तुटली आणि दोन खंडांत वाटली गेली. दोन्ही भागांच्या नकला कागदावर शेजारी ठेवल्या तेव्हा कुठे ओळींची मोडलेली कथा पुढे सरकू लागली. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या ताडून पाहिल्या, तोच धर्म इथे. फरक इतका की तिथे पोथी अख्खी असायची, इथे एका ‘पोथी’चे पाच तुकडे तीन देशांत.

म्हणून क्रेमर यांचे खरे उत्खनन संग्रहालयांच्या कपाटांत झाले. १९३७ मध्ये ते गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर इस्तंबूलला गेले आणि तिथल्या निप्पुर साहित्यातल्या १७० पाट्या व तुकड्यांच्या नकला काढून आणल्या. मग फिलाडेल्फियात वर्षानुवर्षे त्या तिथल्या तुकड्यांशी जुळवत बसले. १९५१-५२ मध्ये फुलब्राइट प्राध्यापक म्हणून ते पुन्हा इस्तंबूलला आले तेही याच कामासाठी: महाकाव्ये, स्तोत्रे, म्हणी. कायदा शोधायला ते आलेलेच नव्हते.

क्राउस यांचे पत्र

एफ. आर. क्राउस यांचे नाव या प्रकरणात क्रेमर यांच्या बरोबरीने घ्यायला हवे, आणि क्रेमर यांनी स्वतः ते मोकळेपणाने घेतले आहे. क्राउस १९३७ मध्ये जर्मनी सोडून तुर्कस्तानात आले. ज्यू वंशाचा शिक्का बसलेल्या विद्वानाला तिकडे जागा उरली नव्हती. अश्शूरविद्येतले, म्हणजे कीलाकार पाट्यांच्या अभ्यासातले, त्या काळचे सर्वांत मोठे नाव, बेनो लांड्सबेर्गर, त्याआधीच लाइपझिगची नोकरी गमावून अंकाराला पोहोचले होते. क्राउस यांना इस्तंबूलच्या संग्रहालयात काम मिळाले आणि पुढची कित्येक वर्षे त्यांनी मुअझ्झेझ चिग व हातिजे किझिलयाय या दोन तरुण तुर्की क्युरेटरांच्या सोबतीने हजारो पाट्या साफ केल्या, वर्गवारी केली, क्रमांक दिले.

त्या कामात त्यांना सुमेरी कायद्याचे दोन तुकडे सापडले होते. त्यांच्या तुटलेल्या कडा एकमेकींत बसत होत्या. त्यांनी ‘जोड’ केला आणि जुळलेल्या पाटीला क्रमांक दिला: ३१९१. नंतर ते इस्तंबूल सोडून युरोपात परतले. १९५२ मध्ये क्रेमर तिथे काम करताहेत हे कळल्यावर त्यांनी पत्रातून हा क्रमांक कळवला आणि पाहून घ्या म्हणून सुचवले.

हे पत्र नसते तर पाटी आपल्या नजरेतून सुटलीच असती, असे क्रेमर यांनी पुढे लिहिले. यात विनय नाही. साहित्याच्या शोधात असलेला माणूस कायद्याच्या पाट्यांचा खण उघडत नाही. आणि जोड झाला नसता तर खण उघडूनही उपयोग नव्हता. सुटे दोन तुकडे म्हणजे दोन निरर्थक पाने. प्रसिद्धी वाचनाला मिळते, पण अशा प्रकरणांत अर्धे श्रेय नोंदवहीचे असते.

वाचन कसे होते

न भाजलेली पाटी हाताळताना पहिला नियम म्हणजे पाणी नाही. ओल लागली की पृष्ठभाग परत चिखल होतो. त्यात इराकच्या मातीतले क्षार आतून फुलून पाचरी उडवतात. मऊ कुंचल्याने धूळ काढायची, पाटी वाळूच्या मऊ उशीवर ठेवायची आणि प्रकाश डाव्या वरच्या बाजूने तिरपा घ्यायचा. समोरून उजेड पाडला तर खोलगट पाचर सपाट दिसते आणि ओरखडाही पाचरीसारखा भासतो. एकाच कोनात समाधान मानणाऱ्याची नक्कल नेहमी चुकते. पाटी हातात घेऊन फिरवत राहावी लागते. फोटोवरून केलेले वाचन म्हणूनच कमी भरवशाचे समजतात.

मग दिशा. ३१९१ ला आठ रकाने आहेत, चार पुढे आणि चार मागे. पुढचे रकाने डावीकडून उजवीकडे वाचायचे. पाटी पान उलटतो तशी उलटायची नाही. खालची कड धरून वरखाली पालटायची. आणि मागचे रकाने उजवीकडून डावीकडे. ही खूण चुकली तर कायद्यांचा क्रम उलटा होतो आणि प्रस्तावना शेवटी जाते. प्रत्येक रकान्यात सुमारे ४५ आखलेल्या चौकटी होत्या आणि त्यांतल्या निम्म्यासुद्धा वाचता येण्यासारख्या नव्हत्या. अक्षर दिसले तसे काढायचे, वाटले तसे नाही. तुटलेला भाग तिरप्या रेघांनी भरून दाखवायचा. पेन्सिलीची नक्कल पुन्हा पाटीशी ताडून मगच शाई.

नक्कल झाल्यावर लिप्यंतर, आणि खरा त्रास इथे सुरू होतो. कीलाकार लिपीत एका चिन्हाचे अनेक उच्चार आणि अनेक अर्थ असतात. ‘का’ हे चिन्ह घ्या. तेच तोंड, तेच शब्द, तेच बोलणे, तेच दात आणि तेच नाक. शेजारी शाबूत क्रियापद असेल तर अर्थ पक्का होतो. क्रियापदाच्या जागी खळगा असेल तर दात पडला की नाक कापले, हे ठरवता येत नाही. दंडाच्या कायद्यात हा फरक किरकोळ नाही.

अशा वेळी पाय टेकायला जागा देतात ती ठरीव वाक्ये. सुमेरी कायद्याचे कलम ‘तुकुम्-बी’ म्हणजे ‘जर’ या शब्दाने सुरू होते. तीन अक्षरांचा उच्चार, पण लिहायला पाच चिन्हे लागतात: शू, गार, तुर, लाल, बी. पाचांपैकी दोन-तीन जरी उरली तरी ओळखू येते की इथे नवे कलम सुरू झाले. त्यामागे ‘लू लू-रा’, म्हणजे ‘माणसाने माणसाला’. आणि कलमाच्या शेवटी रक्कम: ‘गिन’ म्हणजे शेकेल, ‘मा-ना’ म्हणजे मिना, ही दोन्ही वजने, आणि त्यापुढे ‘तोलून देईल’. नाणी नव्हती, चांदी तराजूत तोलून द्यायची. दोन तृतीयांशासाठीही लिपीत स्वतंत्र चिन्ह आहे, त्यामुळे आकडा वाचताना गफलत कमी होते. सुरुवात आणि शेवट असे हातात आले की मधली मोडलेली जागा किती मोठी आहे याचा अंदाज बांधता येतो. (मराठीतल्या ‘मण’ या जुन्या मापाचे मूळही भाषाभ्यासक अरबीमार्गे या ‘मना’पर्यंत नेतात. वजन मात्र वाटेत भलतेच वाढले. सुमेरी मिना जेमतेम अर्धा किलो.)

काही दिवस पाटीवर डोळे रोखून बसल्यावर मजकूर उलगडू लागला. क्रेमर यांनी नक्कल आणि भाषांतर १९५४ मध्ये ‘ओरिएंटालिया’ या नियतकालिकात छापले. त्यालाच जोडून हायडेलबर्गचे आडम फाल्केनस्टाइन यांची टिपणे होती. कोणाही सुमेरी अभ्यासकाने पहिले वाचन एकट्याने छापू नये, इतके बोलके ते उदाहरण आहे.

पाटीत काय निघाले

पुढच्या बाजूवर लांबलचक प्रस्तावना. आन आणि एन्लिल या देवांनी उर शहराचे राज्य चंद्रदेव नन्नाच्या हाती दिले; नन्नाने आपला मानवी प्रतिनिधी म्हणून उर-नम्मूला निवडले. मग लगश राज्याशी संघर्ष. मग कारभार: नागरिकांचे बैल, मेंढ्या, गाढवे बळकावणाऱ्यांना राजाने दूर केले, वजनेमापे ठरवून दिली. अनाथ धनवंताच्या तोंडी पडू नये, विधवा बलवंताच्या तोंडी पडू नये, एका शेकेलचा माणूस एका मिनाच्या माणसाच्या तोंडी पडू नये, याची काळजी घेतली. एका मिनात ६० शेकेल. गरीब-श्रीमंत हे अंतर इतक्या नेमक्या हिशेबाने मांडणारे वाक्य फार कमी राजांच्या शिलालेखांत सापडते.

मागच्या बाजूवर कायदे. त्यांतले पाचच क्रेमर यांना अर्थ लागण्याइतके जमले. एक, पाण्याच्या दिव्य-परीक्षेने सत्य ठरवण्याबद्दलचे. एक, पळालेला गुलाम मालकाला परत करण्याबद्दलचे. आणि तीन शारीरिक इजेबद्दल: पाय तोडला तर १० शेकेल चांदी, शस्त्राने हाड मोडले तर १ मिना, ‘गेश्पू’ नावाच्या साधनाने नाक कापले तर दोन तृतीयांश मिना, म्हणजे ४० शेकेल. ‘गेश्पू’चा अर्थ लागत नव्हता, म्हणून क्रेमर यांनी शब्द तसाच ठेवला. पुढच्या भाषांतरांत तिथे तांब्याची सुरी आली. न कळलेल्या शब्दाला अंदाजाने मराठी, इंग्रजी वा जर्मन कपडे न चढवणे, ही या विद्येतली साधी पण सर्रास मोडली जाणारी शिस्त.

काळाचा हिशेब: बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्याचा प्रसिद्ध दगड १९०१-०२ मध्ये इराणमधल्या सुसा इथे सापडला, तो इ.स.पू. १७५० च्या आसपासचा. १९४० च्या दशकात त्याहून जुने दोन कायदे उजेडात आले: एश्नुन्ना शहराचे, आणि फिलाडेल्फियाच्याच पाट्यांतून फ्रान्सिस स्टील यांनी जुळवलेले लिपित-इश्तार राजाचे. उर-नम्मूचा काळ रूढ कालगणनेनुसार इ.स.पू. २११२ ते २०९५. हम्मुराबीच्या साडेतीनशे वर्षे आधी. खुद्द पाटी मात्र उर-नम्मूच्या काळची नाही. काही शतकांनंतर निप्पुरच्या कुणा लेखनिकाने केलेली ती प्रत आहे. ‘जगातला सर्वांत जुना कायदा’ असे मथळे झळकले तेव्हा हा भेद बातम्यांतून हमखास गळला.

डोळ्याच्या बदल्यात चांदी

खळबळ माजली ती तीन दंडांमुळे. बायबलच्या निर्गम ग्रंथात ‘डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात’. हम्मुराबीच्या १९६ व्या कलमातही तेच. त्यामुळे शिक्षेचा इतिहास सरळ रेषेत मांडला जायचा: आधी सूड, मग हळूहळू दंड. ३१९१ ने ती रेषा उलटी केली. जुन्यात चांदी, नव्यात डोळा. क्रेमर यांनी यावरून सुमेरी कायदा अधिक माणुसकीचा होता असा निष्कर्ष काढला आणि आपल्या लोकप्रिय पुस्तकांतून तो सगळीकडे पोहोचवला.

निष्कर्षाचा पहिला अर्धा पक्का आहे, दुसरा सैल. हम्मुराबीच्याच १९८ व्या कलमात सामान्य माणसाचा डोळा फोडला तर १ मिना चांदी आहे. सूड फक्त वरच्या वर्गातल्या बरोबरीच्या माणसांपुरता. म्हणजे दोन्ही पद्धती एकाच दगडावर नांदत होत्या. ज्यू परंपरेनेही तालमूद या आपल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात ‘डोळ्याबद्दल डोळा’चा अर्थ पैशाची भरपाई असाच लावला आहे. कायद्याचे शब्द आणि प्रत्यक्ष न्याय यांत अंतर असते, हे तालमूद वाचणाऱ्यांना कुणी सांगावे लागत नाही.

आणि दंड लहान होता असेही नाही. उरच्या तिसऱ्या राजवंशाच्या, म्हणजे उर-नम्मूच्याच घराण्याच्या, हिशेबी पाट्यांत १ शेकेल चांदीला १ गुर, म्हणजे ३०० सिला जव, असा ठोकळ भाव येतो (गुर आणि सिला ही धान्याची मापे). कामावरच्या पुरुषाला महिन्याचा शिधा ६० सिला. म्हणजे १ शेकेल बरोबर पाच महिन्यांचे धान्य. या हिशेबाने पायाचे १० शेकेल म्हणजे ५० महिने, नाकाचे ४० शेकेल म्हणजे सोळा वर्षांहून जास्त, हाडाचा १ मिना म्हणजे २५ वर्षे. शिध्यावर जगणाऱ्या मजुराला हे देणे शक्यच नव्हते. तो कर्जात जाणार, आणि त्या जगात कर्जाचा शेवट बहुतेक वेळा गुलामीत होत असे. दंड माणुसकीचा होता तो ज्याच्या घरी चांदी होती त्याच्यासाठी.

आकड्यांत आणखी एक खटकणारी गोष्ट आहे. पाय १० शेकेल आणि नाक ४०? पाय गेलेला माणूस नांगर धरू शकत नाही. नाक गेलेला धरू शकतो. एक तर इथे अपमानाची किंमत श्रमापेक्षा जास्त धरली आहे, नाहीतर पायाच्या कलमातल्या मोडक्या चिन्हांनी इजा कमी गंभीर आहे हे सांगणारा शब्द गिळला आहे. क्रेमर यांनी ‘पाय’च्या आधी ठिपके ठेवले आहेत, तिथे काहीतरी होते. भाषांतरे उद्धृत करणारे लोक पहिली गोष्ट कोणती टाकत असतील, तर हे ठिपके.

पहिल्या वाचनातले काय हलले

लगशचा अधिपती नम्हनी याच्याबद्दलची ओळ सर्वांत बोधक. क्रेमर यांनी वाचले: उर-नम्मूने नम्हनीला ठार केले. पुढे त्या क्रियापदाच्या वाचनावर वाद झाला, आणि त्याला अधिपतिपदावर बसवले असाही अर्थ पुढे आला. एका घासलेल्या चिन्हावर एका माणसाचे मरण की बढती हे अवलंबून. पहिल्या वाचनावर विसंबून उरच्या युद्धांचा इतिहास रचणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली.

माणुसकीच्या चित्रालाही तडे गेले. उर इथल्या उत्खननातले दोन तुकडे ऑलिव्हर गर्नी आणि क्रेमर यांनी मिळून १९६५ मध्ये छापले, तेही लांड्सबेर्गर यांच्या गौरवग्रंथात. १९६९ मध्ये जेकब फिंकेलस्टाइन यांनी सगळा मजकूर एकत्र मांडला. १९८१ मध्ये फात्मा यिल्दिझ यांनी सिप्पर शहरातली प्रत प्रसिद्ध केली. ती पाटीही इस्तंबूलच्याच संग्रहातली. या प्रतींनी रिकाम्या जागा भरत गेल्या आणि खुनाला मृत्युदंड, परक्याची पत्नी स्वतःहून कुणाच्या मागे गेली तर तिला मृत्युदंड, अशी कलमे पुढे आली. चांदीचा दंड हा सगळा कायदा नव्हता. ३१९१ च्या फुटलेल्या मागच्या बाजूवर नेमका तोच भाग शाबूत राहिला होता. तुकड्यावरून पूर्णाचा स्वभाव ठरवणे हा या क्षेत्रातला सर्वांत जुना धोका, आणि क्रेमर यांच्यासारखा मुरलेला माणूसही त्यात सापडला.

श्रेय द्यायचे तर ते दुसऱ्या एका गोष्टीचे. १९८३ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांनी त्याच ‘ओरिएंटालिया’त एक छोटा लेख लिहिला: उर-नम्मूच्या कायद्याचा कर्ता कोण? आपणच तीस वर्षांपूर्वी लावलेले नाव त्यांनी खाली घेतले आणि कायदा उर-नम्मूचा मुलगा शुल्गी याचा असावा अशी बाजू मांडली. मुद्दा फुसका नव्हता. प्रस्तावनेत एका राजाचे नाव येते म्हणून कायदा त्यानेच काढला असे आपोआप ठरत नाही. वंश सांगताना मुलगा बापाचे नाव घेतोच. काहींना हे पटले, बऱ्याच जणांना नाही.

क्रेमर २६ नोव्हेंबर १९९० रोजी फिलाडेल्फियात वारले. २०११ मध्ये नॉर्वेतल्या श्योयेन संग्रहातल्या मातीच्या दंडगोलावरचा याच कायद्याचा बराच भरगच्च मजकूर प्रसिद्ध झाला. तो वाचला मिगेल सिव्हिल यांनी, जे १९५८ ते १९६३ या काळात फिलाडेल्फियात क्रेमर यांचेच सहायक होते. त्यांनी मथळ्यात पुन्हा उर-नम्मूचेच नाव घातले, फक्त आजच्या उच्चाराप्रमाणे ‘उर-नम्म’ असे. कलमांचे क्रमांक त्यामुळे पुन्हा बदलले. म्हणून नाकाचे, पायाचे वा हाडाचे कलम उद्धृत करताना कोणाची आवृत्ती हे सांगणे भाग आहे. निप्पुर ३१९१ हा क्रमांक मात्र क्राउस यांनी दिला तोच चालतो.